गुडघा बदलल्यानंतर १४ महिन्यांनी जंतुसंसर्ग: दोन टप्प्यांच्या रिव्हिजनचं (सांधा पुन्हा बदलण्याचं) एक प्रकरण

हे प्रकरण शिकवण्याच्या सोयीसाठी जुळवलेलं आहे, ते कुणा एका रुग्णाचं नाही. वय, तपासण्यांचे आकडे आणि घडामोडींचा क्रम मात्र अशा गुडघ्यांत नेहमी दिसतो तसाच ठेवला आहे.

रुग्ण कशी आली

६७ वर्षांच्या आजी, वजन ७२ किलो, मधुमेह ११ वर्षांपासून, रक्तदाबाची गोळी चालू. उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण १४ महिन्यांपूर्वी झालेलं. तक्रार अशी की ऑपरेशननंतर गुडघा “कधीच थंड पडला नाही”. चालताना दुखतं, आणि रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. हा रात्रीचा ठणका महत्त्वाचा. इम्प्लांट नुसतं सैल झालं असेल तर दुखणं बहुधा उभं राहताना, पहिली चार पावलं टाकताना होतं आणि बसलं की थांबतं. आराम करतानाही दुखणारा, गरम, सुजलेला गुडघा दुसरं काही सिद्ध होईपर्यंत जंतुसंसर्गाचाच समजावा.

जुनी फाइल वाचली तेव्हा सगळ्याचं मूळ पहिल्या १० दिवसांत सापडलं. ऑपरेशननंतर जखमेच्या खालच्या टोकातून ९ दिवस पाणी येत होतं. रोज ड्रेसिंग बदललं गेलं, वरून घासून स्वॅब पाठवला, गोळ्या दिल्या आणि अखेर जखम सुकली. पुढच्या वर्षभरात गुडघा सुजला की अँटिबायोटिकचा ५-७ दिवसांचा कोर्स, असं चार वेळा झालं. दर वेळी आठवडाभर बरं वाटायचं.

इथे दोन गोष्टी चुकल्या. पाचव्या ते सातव्या दिवसानंतरही जखम वाहत असेल तर ती ड्रेसिंगची बाब राहत नाही, ती ऑपरेशन थिएटरची बाब होते. जखम उघडून, धुऊन, धातूच्या दोन भागांमधला प्लास्टिकचा लायनर बदलून तेव्हाच निकाल लावता आला असता. दुसरी गोष्ट स्वॅबची. जखमेच्या तोंडावरून घेतलेल्या स्वॅबमध्ये कातडीवरचे जंतू उगवतात. आत सांध्यात कोण बसलंय ते त्यातून कळत नाही, आणि चुकीच्या जंतूवर औषध सुरू होतं.

तपासताना गुडघा ५ ते ७५ अंश वाकत होता. जुन्या व्रणाच्या खालच्या टोकाला, नडगीवर, रुपयाएवढी कातडी पातळ आणि तांबूस झाली होती. नासूर नव्हता. नासूर सांध्यापर्यंत जात असता तर निदानासाठी आणखी काही लागलंच नसतं, तेवढ्यावरच संसर्ग पक्का धरतात.

निदान: आधी पाणी, मग औषध

रक्तातल्या दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्या: सीआरपी ३४ मिलिग्रॅम प्रतिलिटर, ईएसआर ६८. सीआरपीचं एकक न चुकता पाहावं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, तिथे हाच आकडा ३.४ दिसतो आणि घाईत “जवळपास नॉर्मल” म्हणून सोडून दिला जातो. एक्स-रेमध्ये नडगीच्या ट्रेखाली (नडगीवर बसवलेल्या धातूच्या तबकाखाली) आतल्या बाजूला सुमारे २ मिमीची काळी रेघ होती. सहा महिन्यांपूर्वीच्या फिल्मवर ती दिसत नव्हती. इतक्या लवकर वाढणारी रेघ झिजेची नसते.

आजी त्या वेळी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट घेत होत्या. ते थांबवलं आणि दोन आठवडे वाट पाहिली. नातेवाईकांना हे पटवणं सगळ्यांत अवघड जातं. गुडघ्यात पू असल्याची शंका आहे आणि डॉक्टर औषध बंद करतात, हे त्यांना उलटंच वाटतं. पण अँटिबायोटिकवर असताना काढलेल्या पाण्यात बऱ्याचदा जंतू उगवत नाहीत, आणि जंतूचं नाव न कळता केलेली शस्त्रक्रिया अंधारात केल्यासारखी होते. रुग्णाला ताप, थंडी, रक्तदाब घसरणं असं काही असेल तर थांबता येत नाही. तेव्हा लगेच रक्ताचं आणि सांध्याच्या पाण्याचं कल्चर (लॅबमध्ये जंतू उगवून पाहण्याची तपासणी) घेऊन औषध सुरू करावं लागतं. आजींना तसं काही नव्हतं.

पाणी काढण्याची पद्धत बारकाईने पाळावी लागते. क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने कातडी दोनदा पुसून वाळू द्यायची, निर्जंतुक हातमोजे, १८ नंबरची सुई, वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून आत. लाल झालेल्या किंवा पुरळ आलेल्या कातडीतून सुई घालू नये. भूल फक्त कातडीपुरती द्यावी, सांध्यात लिग्नोकेन सोडू नये, कारण ते जंतूंची वाढ रोखतं. पाणी आलं नाही तर सलाईन आत सोडून परत ओढू नये, पेशींची मोजणी त्याने बिघडते. या गुडघ्यातून १४ मिली गढूळ पिवळं पाणी आलं. १ मिली जांभळ्या झाकणाच्या नळीत पेशी मोजायला, ८ मिली लहान मुलांच्या ब्लड कल्चर बाटल्यांत, उरलेलं निर्जंतुक डबीत: ग्रॅम स्टेन, बुरशी, आणि क्षयासाठी सीबीनॅट. आपल्याकडे क्षयाची तपासणी वगळू नये. क्षयाचा गुडघा असाच महिनोन्‌महिने धुमसत राहतो, आणि पुढे रिफाम्पिसिनचा विचार आला की हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

निकाल असा: प्रति मायक्रोलिटर १८,४०० पांढऱ्या पेशी, त्यांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, ९१ टक्के. पेशी मशीनवर न मोजता डोळ्यांनी मोजून घेतल्या, कारण धातूचे कण आणि पेशींचे गठ्ठे मशीनला फसवतात. जुनाट संसर्गासाठी २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत सीआरपी १० च्या वर असेल तर २ गुण, ईएसआर ३० च्या वर १, सांध्यातल्या पेशी ३,००० च्या वर ३, न्यूट्रोफिल ८० टक्क्यांच्या वर २. बेरीज ८. सहाला निदान पक्कं होतं. कल्चरमध्ये पाचव्या दिवशी मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस उगवला. व्हँकोमायसिन, टायकोप्लॅनिन, डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन त्याच्यावर चालत होती. ४८ तासांत “नो ग्रोथ” म्हणून बाटली बंद केली असती तर तो हुकला असता. अशा कल्चरला १४ दिवस ठेवा, हे लॅबच्या चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं.

कोणती शस्त्रक्रिया, आणि का

पर्याय तीन. नुसतं उघडून धुणं आणि लायनर बदलणं, इम्प्लांट तसंच ठेवून. हे ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात, किंवा चांगल्या गुडघ्यात अचानक संसर्ग होऊन तीन आठवड्यांच्या आत रुग्ण आला तर, आणि इम्प्लांट पक्कं असेल तरच. इथे १४ महिने झाले होते आणि ट्रे सैल होता. एव्हाना जंतूंनी धातूवर बायोफिल्म म्हणजे चिकट थर बांधलेला असतो. त्यात ते सुस्त पडून राहतात, आणि रक्तात सहज मारणारी औषधाची मात्रा तिथे निकामी ठरते. असा गुडघा धुऊन बंद केला की बरं वाटतं, महिन्या-दोन महिन्यांत परत भरतो, आणि एक शस्त्रक्रिया वाया जाते.

दुसरा पर्याय, एकाच बैठकीत जुनं काढून नवं बसवणं. हॅम्बुर्गमध्ये बुखोल्झ यांनी १९७० च्या दशकात सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळून ही वाट घालून दिली, आणि युरोपात ती आजही भरवशाने वापरली जाते. जंतू माहीत, त्यावर चालणारी औषधं हाताशी, कातडी आणि स्नायू धड, हाडाची हानी मर्यादित असेल तर ती चांगली निवड आहे. रुग्णाची एक मोठी भूल वाचते. आजींच्या बाबतीत जंतू माहीत होता, पण खालची कातडी भरवशाची नव्हती, मधुमेह ताब्यात नव्हता आणि नडगीत हाड किती उरलंय ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

म्हणून तिसरा, दोन टप्प्यांचा पर्याय. सगळं काढा, साफ करा, औषध भरलेला सिमेंटचा स्पेसर (सांध्याची जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा) ठेवा, काही आठवडे अँटिबायोटिक द्या, मग नवा सांधा. न्यूयॉर्कच्या इन्सॉल यांच्या गटाने १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. तिचा भार रुग्णावर जास्त पडतो, आणि तो आधीच स्पष्ट सांगायला हवा. मधले दोन-अडीच महिने वॉकर लागणार, जिने बंद, आणि घरात कुणीतरी पूर्ण वेळ हवं. आजींच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा, आणि तो रास्त होता. ऑगस्ट २०१७ पासून केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती बांधून दिल्या आहेत, रिव्हिजनच्या इम्प्लांटसह. पण एकूण बिलात इम्प्लांट हा एक भाग असतो. दोन भुली, दोन वेळचं थिएटर, सहा आठवड्यांची इंजेक्शनं आणि आठवड्याच्या रक्ततपासण्या यांचा हिशेब पहिल्या दिवशीच कागदावर मांडावा. पैसे संपले म्हणून स्पेसरवरच अडकलेले रुग्ण हे या उपचाराचं न बोललं जाणारं अपयश आहे.

तयारी

एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.६ होतं. ते दोन-तीन आठवड्यांत खाली येत नाही, आणि त्यासाठी तीन महिने थांबणं परवडत नाही. इन्सुलिन सुरू करून रोजची साखर १८० च्या आत आणली, तेवढं पुरलं. हिमोग्लोबिन ९.८, अल्ब्युमिन ३.१. अल्ब्युमिन कमी म्हणजे जखम भरायला घरात सामान नाही. प्रथिनं रोज ९० ते १०० ग्रॅमपर्यंत न्यायची असं आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलं: दोन्ही वेळा उसळ किंवा घट्ट वरण, दोन अंडी, दूध-ताक, आणि कमी पडेल तेवढी प्रथिनांची पावडर.

तंबाखूचा प्रश्न विचारला तर “नाही” असं उत्तर आलं. मिश्री लावता का, असं विचारल्यावर “ती दातांसाठी” असं आलं, दिवसातून तीनदा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो, आणि आजींची खालची कातडी आधीच पातळ होती. आपल्या भागात बायकांना हा प्रश्न नाव घेऊनच विचारावा लागतो. दोन किडके दातही त्याच सुमारास काढून घेतले.

जुन्या फाइलमधून इम्प्लांटचे स्टिकर शोधले. कंपनी, मॉडेल आणि साइज कळल्याशिवाय लायनर कोणत्या बाजूने निघतो, ट्रेला कील किती लांब आहे, काढायची हत्यारं कोणती मागवायची, हे ठरत नाही. प्लास्टिक सर्जनला आधीच कातडी दाखवून ठेवली. पिंडरीच्या आतल्या स्नायूचा फ्लॅप (वळवून जखम झाकणारा तुकडा) लागला तर तो त्याच बैठकीत व्हायला हवा.

पहिला टप्पा

छेद जुन्या व्रणावरूनच, पातळ कातडीचा लांबट तुकडा कापून काढत. गुडघ्यावर एकापेक्षा जास्त जुने व्रण असतील तर शक्यतो सर्वांत बाहेरचा वापरतात, कारण कातडीला रक्त मुख्यतः आतल्या बाजूने येतं. टॉर्निकेट (मांडीवरचा रक्त रोखणारा पट्टा) फुगवण्याआधी पाय फक्त उंच धरला. रबरी पट्टी गुंडाळून पिळला नाही, पू वर ढकलला जाऊ नये म्हणून.

भुलेच्या वेळचं अँटिबायोटिक नमुने घेईपर्यंत राखून ठेवलं. जंतू आधीच माहीत असेल तर ते आधी दिल्याने फारसं बिघडत नाही. पण जुनाट संसर्गात दुसरा जंतूही सोबत असू शकतो, आणि इथे अर्ध्या तासाने काही बिघडणार नव्हतं. सहा नमुने घेतले: वाटीच्या वरच्या पिशवीतून, दोन्ही बाजूंच्या चरांतून, मांडीच्या भागाखालून, नडगीच्या ट्रेखालून आणि पोकळीतून. प्रत्येकाला वेगळी ब्लेड, वेगळी चिमटी, वेगळी डबी. एकाच चिमटीने सहा नमुने घेतले तर एक दूषित झाला की सहाही होतात, आणि “सहापैकी सहा” या निकालाला अर्थ उरत नाही. काढलेलं इम्प्लांटही लॅबला पाठवलं. सोनिकेशन म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून बायोफिल्ममधले जंतू सुटे करता येतात.

गुडघा उघडायला घट्ट होता. वाटी उलटी वळवायच्या फंदात पडू नये, ती बाहेर सरकवावी. नडगीवरच्या पटेलर टेंडनची पकड उपटली गेली तर पुढचं सगळं व्यर्थ जातं, तो पाय पुन्हा स्वतःहून सरळ होत नाही. आधी चरांतला जाड पडदा कापला, तरी पुरेसं उघडेना तेव्हा वर मांडीच्या स्नायूला तिरका छोटा छेद दिला. त्याने ताण एकदम सुटला.

लायनर आधी काढला, त्याने जागा मिळते. मग मांडीचा भाग. बारीक पात्याची करवत आणि पातळ ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी) धातू आणि सिमेंट यांच्या मधून चालवायचे, सिमेंट आणि हाड यांच्या मधून नव्हे. चारही बाजू सुटल्याची खात्री होईपर्यंत हातोडी हातात घेऊ नये. मागच्या कोपऱ्यांत सरळ हत्यार पोचत नाही, तिथे वाकडा ऑस्टिओटोम लागतो. घाईने ठोकलं की इम्प्लांटबरोबर मागच्या कोंडाइलचा (मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा) तुकडाही निघून येतो. ऑस्टिओटोम हाडावर टेकवून उचकटण्याचा मोहही टाळावा, मऊ पडलेलं हाड तिथे चेपतं. नडगीचा ट्रे जवळजवळ हातानेच निघाला. खाली पोकळीत राहिलेला सिमेंट उभा चिरून तुकड्या-तुकड्याने, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत काढला. सिमेंटचा एक खडा मागे राहिला तरी तो परक्या धातूइतकाच जंतूंना आसरा देतो. वाटीचं बटणही काढलं, ते चांगलं दिसत होतं तरीही.

या सगळ्या शस्त्रक्रियेत खरी मेहनत सफाईत आहे. औषधांच्या नावांवर जितका वाद होतो त्याच्या निम्मीही चर्चा सफाईवर होत नाही. वरच्या पिशवीतला, चरांतला, दोन्ही कोंडाइलच्या मागचा सगळा जाड, करडा, चिकट पडदा काढायचा. मागचा भाग सुटण्याचं कारण भीती हे असतं, कारण मागच्या आवरणापलीकडे लगेच मोठ्या रक्तवाहिन्या असतात. गुडघा वाकवून, कोंडाइल ताणून धरून, आवरणाच्या आतल्या बाजूनेच काम केलं तर तो भाग साफ होतो. शेवटी टॉर्निकेट सोडून पाहिलं: जिथे रक्ताचे ठिपके फुटतात ते जिवंत, पांढरं कोरडं राहतं ते आणखी कापायचं. दोन्ही हाडांच्या पोकळ्या खरवडून घेतल्या.

मग धुणं. ९ लिटर सलाईन, कमी दाबाने. जोराच्या फवाऱ्याने कचरा मऊ भागात आत घुसतो. मधे पातळ पोव्हिडोन-आयोडीन: ५०० मिली सलाईनमध्ये १० टक्क्यांचं १७.५ मिली, म्हणजे सुमारे ०.३५ टक्के, ३ मिनिटं भरून ठेवून पुन्हा सलाईन. हायड्रोजन पेरॉक्साइड हाडाच्या बंद पोकळीत ओतू नये, त्याचे बुडबुडे रक्तात जाण्याचा धोका खरा आहे. यानंतर सगळ्यांनी गाऊन आणि हातमोजे बदलले, नवे कपडे अंथरले, सक्शनचं टोक बदललं, आणि स्पेसरसाठी वेगळा हत्यारांचा ट्रे उघडला.

स्पेसर

४० ग्रॅमची तीन पाकिटं, कारखान्यातूनच जेंटामायसिन मिसळलेला सिमेंट, आणि प्रत्येक पाकिटात व्हँकोमायसिन पावडर ३ ग्रॅम. म्हणजे एकूण ९ ग्रॅम. सिमेंटमध्ये टिकणारं औषध पावडर स्वरूपातलं आणि उष्णता सोसणारं लागतं, कारण सिमेंट घट्ट होताना चांगलाच तापतो. इंजेक्शनचं द्रव जेंटामायसिन ओतू नये, पाण्याने सिमेंट कमजोर होतो. आधी सिमेंटची पावडर आणि द्रव एकत्र करायचं, पातळ झालं की मग व्हँकोमायसिन टाकायचं. आधीच टाकलं तर द्रव पुरत नाही आणि कोरडे गठ्ठे राहतात. मोठे खडे फोडावेत, पण पीठ करू नये. मिश्रण हाताने, व्हॅक्युमशिवाय: एरवी सिमेंटमधली छिद्रं नकोशी असतात, इथे मात्र त्यांतूनच औषध बाहेर झिरपतं. सर्वांत जास्त औषध पहिल्या काही दिवसांत निघतं.

हलता स्पेसर निवडला, साच्यात ओतलेला, कारण बाजूचे लिगामेंट शाबूत होते आणि हाड पुरेसं होतं. लिगामेंट गेलेले असतील, हाड खूप खाल्लं गेलं असेल किंवा कातडीला विश्रांती हवी असेल तर न हलणारा स्पेसर बरा. दोन्ही पोकळ्यांत तारेवर वळलेली सिमेंटची बोटाएवढी कांडी ठेवली, कारण संसर्ग पोकळीत वर-खाली गेलेला असतो. स्पेसर हाडावर बसवताना सिमेंट कणकेसारखा घट्ट होईपर्यंत थांबलो. पातळ असताना दाबला तर तो हाडाच्या जाळीत शिरतो आणि दुसऱ्या वेळी काढताना उरलंसुरलं हाड सोबत घेऊन येतो. उंची बेताची ठेवली. जास्त भरला की कातडी मिटत नाही, कमी भरला की स्पेसर निसटतो.

कातडी ताण न देता मिटली, फ्लॅप लागला नाही. टाके एकपदरी धाग्याचे, वळलेल्या धाग्यात जंतू लपतात. ब्रेस लावून दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं केलं, पायावर थोडाच भार.

मधले १० आठवडे

सहापैकी चार नमुन्यांत तोच जंतू उगवला, दुसरा कुणी नाही. शिरेतून व्हँकोमायसिन सुरू होतं, १ ग्रॅम दर १२ तासांनी, तासाभरात हळू. आठव्या दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ०.९ वरून १.७ वर गेलं. कारणं तीन एकत्र आली होती: शिरेतलं व्हँकोमायसिन, स्पेसरमधून झिरपणारं व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन, आणि दुखण्यासाठी चालू असलेलं डायक्लोफिनॅक. शिवाय रक्तदाबाची गोळी मूत्रपिंडावर परिणाम करणारी. स्पेसर ठेवलेल्या मधुमेही रुग्णाला डायक्लोफिनॅक देऊच नये, पॅरासिटामॉल आणि गरज पडली तर ट्रॅमाडॉल पुरतं. ते बंद केलं, रक्तदाबाची गोळी बदलली, सलाईन दिलं, आणि व्हँकोमायसिन काढून टायकोप्लॅनिन आणलं: पहिले तीन डोस ८०० मिलिग्रॅम १२ तासांनी, मग दिवसातून एकदा, मूत्रपिंडाच्या मानाने मात्रा कमी करून. एपिडर्मिडिसमध्ये व्हँकोमायसिन चालतं पण टायकोप्लॅनिन चालत नाही असे जंतू असतात, म्हणून अहवालात त्याची संवेदनशीलता वेगळी पाहिली होती. दहा दिवसांत क्रिएटिनिन १.१ वर आलं. पहिले दोन आठवडे क्रिएटिनिन आठवड्यातून दोनदा तपासलं नसतं तर हे लघवी कमी झाल्यावरच कळलं असतं.

दिवसातून एकदाच इंजेक्शन असल्यामुळे आजींना दंडातल्या पिक लाइनसह (शिरेत बराच काळ ठेवता येणाऱ्या बारीक नळीसह) घरी सोडता आलं. सगळे सहा आठवडे शिरेतूनच द्यावे लागतात असंही नाही. ब्रिटनमधल्या ओव्हिव्हा चाचणीत, २०१९ मध्ये, पहिल्या आठवड्यात तोंडाने औषध सुरू केलेल्यांचा निकाल शिरेतून देणाऱ्यांपेक्षा वाईट ठरला नाही. इथे इंजेक्शन निवडलं कारण घरी नर्सची सोय होती आणि तोंडाने घ्यायच्या औषधांचा साठा दुसऱ्या टप्प्यानंतरसाठी राखायचा होता.

रिफाम्पिसिन दिलं नाही, त्यामागे विचार होता. १९९८ च्या स्विस चाचणीने ते स्टॅफिलोकोकसच्या बायोफिल्मवर चालतं हे दाखवलं, पण ते इम्प्लांट न काढलेल्या, लवकर आलेल्या रुग्णांत. एकटं कधीच देऊ नये, ओली जखम असताना देऊ नये, दोन्ही वेळा जंतू काही दिवसांत त्याला दाद देईनासे होतात. क्षयाच्या देशात ते औषध उगाच खर्ची घालणं बरं नाही. शिवाय आजी इन्सुलिनवरून परत ग्लिमेपिराइडवर जाणार होत्या, आणि रिफाम्पिसिन त्या गोळीचा असर कमी करतं.

सहा आठवडे पूर्ण झाल्यावर दोन आठवडे औषध बंद. सीआरपी ६, ईएसआर ३४. ईएसआर पूर्ण खाली येण्याची वाट पाहत बसू नये, मधुमेहात आणि ॲनिमियात ते रेंगाळतं. आकड्यापेक्षा उतार पाहावा, आणि औषध थांबवल्यावर तो परत चढतो का ते पाहावं. गुडघा थंड होता, व्रण कोरडा. स्पेसरभोवतीचं पाणी काढलं, त्यात काही उगवलं नाही. त्यावर फार विसंबता येत नाही, पण उगवलं असतं तर बेत बदलावा लागला असता.

दुसरा टप्पा

दहाव्या आठवड्यात. स्पेसर काढून पुन्हा तशीच सफाई, पाच नवे नमुने, आणि फ्रोझन सेक्शन (शस्त्रक्रिया चालू असतानाच ऊती गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं): एका मोठ्या दृश्यात पाचपेक्षा कमी न्यूट्रोफिल. ते जास्त निघाले असते तर नवा सांधा न बसवता पुन्हा स्पेसर ठेवायचा, हे संमतिपत्रात आधीच लिहून घेतलं होतं. टेबलावर पेटी उघडून ठेवलेली असताना “आता बसवूनच टाकू” हा दबाव मोठा असतो.

नडगीत वरचं हाड दोन्ही बाजूंनी खाल्लं गेलं होतं, हाडाची हानी मोजणाऱ्या एओआरआय वर्गीकरणात २बी. अशा हाडावर नुसता सिमेंट टिकत नाही. पोकळीत छिद्रांच्या धातूचा कोन बसवून त्याच्या आधाराने ट्रे आणि लांब स्टेम घेतला. मांडीच्या बाजूला खाली आणि मागे धातूचे तुकडे जोडून मोठ्या साइजचा भाग लावला, कारण रिव्हिजनमध्ये वाकलेल्या स्थितीतली जागा बहुधा जास्त मोठी झालेली असते. ती भरली नाही तर बसताना गुडघा निसटतो. सांध्याची रेघ फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्यापासून सुमारे दीड सेंटिमीटर वर साधली. रेघ वर गेली की वाटी खाली पडते आणि गुडघा वाकत नाही. बाजूला डुलणं रोखणारा, पण बिजागरीचा नसलेला लायनर पुरला. या वेळी सिमेंटमध्ये औषध थोडंच, ४० ग्रॅमला १ ग्रॅम व्हँकोमायसिन. आता सिमेंटला वजन पेलायचं आहे.

नमुन्यांचा १४ दिवसांचा निकाल येईपर्यंत टायकोप्लॅनिन. पाचही निगेटिव्ह आले, मग डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, तीन महिने, भरपूर पाण्याबरोबर आणि गोळी घेतल्यावर लगेच आडवं न होता. दुसऱ्या टप्प्यानंतर तीन महिने तोंडाने औषध दिल्याने संसर्ग उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे चाचण्यांतून दिसलं आहे. औषध लवकर थांबवण्याचा मोह आवरावा. फ्रान्समधल्या दातिपो चाचणीत, २०२१ मध्ये, सहा आठवड्यांच्या उपचारात संसर्ग टिकून राहण्याचं प्रमाण १८.१ टक्के होतं, बारा आठवड्यांत ९.४ टक्के.

पुढे

वर्षानंतर गुडघा ० ते ९५ अंश वाकतो. स्वतःहून सरळ करताना शेवटचे ५ अंश कमी पडतात. बाहेर जाताना काठी लागते, मांडी घालून बसता येत नाही आणि येणारही नाही. पहिल्या चांगल्या रोपणाइतका हा गुडघा होत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. अशा शस्त्रक्रियेत १० पैकी ८ ते ९ गुडघे संसर्गमुक्त झाल्याचे आकडे वाचायला मिळतात, पण त्यांत बऱ्याचदा दुसरा टप्पा झालेलेच मोजलेले असतात. स्पेसरवर अडकलेले, मधेच दगावलेले धरले की चित्र फिकं पडतं.

सीआरपी ४ आहे. फिल्मवर कोन हाडात धरलेला दिसतो. भेटी सहा आठवडे, तीन, सहा, बारा महिने आणि मग दर वर्षी. संसर्ग उलटलाच तर पुन्हा दोन टप्पे, आयुष्यभर दाबून ठेवणारी गोळी, गुडघा कायमचा सरळ जोडणं, किंवा मांडीतून पाय काढणं एवढंच उरतं. आजींच्या फाइलच्या पहिल्या पानावर जंतूचं नाव, त्याच्या संवेदनशीलतेचा तक्ता आणि नव्या इम्प्लांटचे स्टिकर चिकटवले आहेत. खाली मोठ्या अक्षरांत गावातल्या डॉक्टरांसाठी सूचना आहे: गुडघा गरम झाला किंवा सुजला तर अँटिबायोटिक सुरू न करता त्याच दिवशी पाणी काढायला पाठवा. थंडी वाजून ताप असेल तर आधी ब्लड कल्चर, मग औषध, आणि गाडी सोबतच.